एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर भिडंतीच्या खेळात परतताना: टप्पे, कसोट्या आणि हमखास होणाऱ्या चुका

‘किती महिन्यांनी खेळू शकेन?’ एसीएल, म्हणजे गुडघा आतून स्थिर ठेवणारं लिगामेंट (हाडाला हाड जोडणारा पट्टा), फाटलेला प्रत्येक खेळाडू हे विचारतो, आणि जे उत्तर मिळतं ती तारीख कॅलेंडरवर गोल करून ठेवतो. पुढचा बराचसा घोटाळा तिथूनच सुरू होतो. ग्राफ्टला, म्हणजे फाटलेल्या एसीएलच्या जागी बसवलेल्या टेंडनला (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीला), महिने लागतात हे खरं. पण महिने भरले म्हणून मांडीत ताकद येत नाही, उडीवरून उतरताना गुडघा आत पडायचा थांबत नाही, आणि समोरचा अंगावर आला तर पाय टिकेल याची खात्री तर मुळीच होत नाही.

दुसरा घोटाळा शेवटी होतो. जिममधला भाग नीट होतो, धावणंही बऱ्यापैकी जमतं, आणि मग खेळाडू थेट पूर्ण सरावात उतरतो. धक्का खाणं, पडणं, कोणीतरी पाय धरून ओढणं या गोष्टींची पायरीपायरीने तयारी कोणी करून घेतच नाही. कबड्डी, कुस्ती, ज्युदो, रग्बी, फुटबॉल अशा खेळांत नेमकी हीच तयारी लागते, म्हणून या लेखात तिला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

हा लेख एसीएलची पुनर्रचना झालेल्या किंवा होणार असलेल्या खेळाडूंसाठी आहे. सोबत मेनिस्कस (गुडघ्यातली कुर्च्याची गादी) शिवला असेल, दुसरं लिगामेंटही गेलं असेल किंवा खेळाडूची हाडं अजून वाढत असतील, तर वेळापत्रक बदलतं. इथलं म्हणणं आणि तुमच्या सर्जनचं म्हणणं वेगळं निघालं तर सर्जनचं ऐका.

## टप्पा १: शस्त्रक्रियेच्या आधी

बहुतेक जण हा काळ नुसता वाट बघण्यात घालवतात. गुडघा सुजलेला आणि अर्धवट वाकलेला असताना शस्त्रक्रिया झाली, तर नंतर तो आखडून बसण्याचा धोका वाढतो. त्यामुळे आधी सूज उतरली पाहिजे, गुडघा दुसऱ्या पायाइतका पूर्ण सरळ झाला पाहिजे आणि मांडीचा पुढचा स्नायू, म्हणजे क्वाड्रिसेप्स, मनात येताच घट्ट आवळता आला पाहिजे. मेनिस्कसचा तुकडा अडकून गुडघा लॉक झाला असेल तर हे थांबणं लागू नाही. तिथे सर्जन घाई करतात आणि ते बरोबरच असतं.

याच काळात करायचं आणि जवळजवळ सगळ्यांकडून राहून जाणारं एक काम म्हणजे चांगल्या पायाची ताकद मोजून लिहून ठेवणं. पुढे प्रत्येक चाचणीत ऑपरेशन झालेल्या पायाची तुलना चांगल्या पायाशी होणार असते. पण कित्येक महिने खेळ बंद राहिल्यावर चांगला पायही कमजोर होतो. तेव्हा ‘दोन्ही पाय ९० टक्के सारखे’ असा अहवाल आला, तरी त्याचा अर्थ दोन्ही सारखेच कमजोर, असाही असू शकतो. आधीचा आकडा हातात असेल तर ही फसगत होत नाही. फिजिओकडे यंत्र असेल तर यंत्रावर, नसेल तर लेग प्रेस आणि लेग एक्स्टेन्शनवर चांगला पाय एकट्याने किती वजन किती वेळा उचलतो ते लिहा. दोन्ही मांड्यांचा घेरही लिहा.

सर्जनला हे विचारून ठेवा:

- ग्राफ्ट कुठून घेणार? हॅमस्ट्रिंग (मांडीचा मागचा स्नायू), वाटीखालचा टेंडन की क्वाड्रिसेप्सचा टेंडन? पुढे कोणता व्यायाम कधी सुरू करायचा हे त्यावर ठरतं.
- मेनिस्कस शिवावा लागला तर वजन टाकायला आणि गुडघा वाकवायला किती आठवडे बंदी?
- शस्त्रक्रियेनंतर ऑपरेशन नोटची प्रत मिळेल का? फिजिओला ती लागतेच.

धूम्रपान करत असाल, गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल, किंवा घरात कोणाला रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास झाला असेल, तर ते आधीच सांगा.

कुबड्यांवर चालायचा सराव आत्ताच करा. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी. भूल उतरल्यावर गुंगीत हे शिकण्यात अर्थ नाही.

तपासा: पाय सरळ ठेवून उचलताना गुडघ्यात बाक येत नाही ना? चालताना लंगडणं थांबलं का? दोन्हींचं उत्तर ठीक असेल तर शस्त्रक्रियेला जाताना तुमची बाजू भक्कम आहे.

## टप्पा २: पहिले दोन आठवडे

या पंधरा दिवसांत ताकद वाढत नसते. इथे गुडघा सरळ करायचा आणि मांडी जागी करायची, बस.

गुडघ्यात सूज असली की मेंदू क्वाड्रिसेप्सला जाणारा संदेशच दाबून ठेवतो. म्हणून आवळायचा प्रयत्न केला तरी मांडी थंड पडल्यासारखी वाटते. हा आळस नाही आणि नुसत्या जिद्दीने तो सुटतही नाही. सूज उतरवणं आणि दिवसातून अनेकदा, थोडा थोडा वेळ मांडी आवळणं हाच उपाय. स्नायू अजिबातच प्रतिसाद देत नसेल तर फिजिओ विजेच्या हलक्या उत्तेजनाचं यंत्र वापरतात, त्याला नाही म्हणू नका.

गुडघा सरळ व्हावा म्हणून टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा आणि गुडघा खाली मोकळा सोडा. दिवसातून चार-पाच वेळा, दहा-दहा मिनिटं. बर्फ कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटं, पाय हृदयापेक्षा उंच ठेवून.

हमखास चूक: गुडघ्याखाली उशी घेऊन झोपणं. बरं वाटतं, म्हणून सगळे घेतात. पण त्यामुळे गुडघा किंचित वाकलेल्या अवस्थेत आखडत जातो. शेवटचे पाच-सात अंश सरळ झाले नाहीत की चाल बिघडते, मांडी नीट काम करत नाही आणि वाटीपुढे दुखणं मागे लागतं. वाकणं उशिरा आलं तरी चालतं. सरळ होणं उशिरा आलं तर महागात पडतं. उशी घ्यायचीच असेल तर ती घोट्याखाली घ्या.

कुबड्या सोडायची घाई हाही एक नेहमीचा प्रकार. कुबड्या तारखेने सुटत नाहीत. टाच आधी टेकवून, गुडघा सरळ करून, न लंगडता चालता आलं की त्या सुटतात. लंगडत चालायची सवय एकदा लागली की ती मोडायला दुप्पट वेळ जातो.

लगेच डॉक्टरांशी बोला: पोटरी दुखून सुजली, ताप आला, जखम लाल होऊन स्राव येऊ लागला किंवा वेदना रोज वाढतच चालली तर. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट आपत्कालीन विभाग गाठा. गुठळी फुप्फुसापर्यंत गेल्याची ती लक्षणं असू शकतात.

## टप्पा ३: दोन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत, फसवा काळ

सहाव्या आठवड्याच्या आसपास बहुतेकांना वाटतं, ‘मी बरा झालो.’ वेदना जवळपास गेलेली असते, चाल सुधारलेली असते. गंमत अशी की याच सुमारास ग्राफ्ट सर्वांत कमजोर असतो. शरीरात बसवलेल्या टेंडनच्या मूळ पेशी मरतात, नव्या रक्तवाहिन्या आत शिरतात आणि मग त्याची घडण हळूहळू लिगामेंटसारखी होऊ लागते. साधारण सहा ते बारा आठवड्यांच्या या काळात तो बसवला त्या दिवसापेक्षाही कमी ताकदीचा असतो, आणि गुडघा मात्र दुखत नसतो. घसरणं, बस पकडायला पळणं, मैदानाच्या कडेला उभं राहून आलेल्या चेंडूला सवयीने लाथ मारणं, अशा फालतू कारणांनी ग्राफ्ट याच काळात जातात.

व्यायाम तसे साधेच: स्थिर सायकल, दोन्ही पायांचे स्क्वॉट, लेग प्रेस, ब्रिज, पोटरीचे उठाव, पायरी चढ-उतार. मग हळूहळू एका पायावर. वजन वाढवत न्यायला लाजू नका. फिजिओने पहिल्या महिन्यात दिलेला रबरी पट्टा तिसऱ्या महिन्यातही तोच असेल, तर काहीतरी चुकतंय. हॅमस्ट्रिंगचा ग्राफ्ट असेल तर मांडीच्या मागच्या स्नायूवर जोराचा भार लवकर देऊ नका. वाटीखालचा टेंडन घेतला असेल तर गुडघे टेकून बसणं बराच काळ दुखणार, हे गृहीत धरा. बसून पाय सरळ करण्याचं लेग एक्स्टेन्शन यंत्र कधीपासून आणि किती कोनात वापरायचं हे सर्जन आणि फिजिओने मिळून ठरवायचं. पण ते कायमचं टाळणंही चूक आहे, कारण क्वाड्रिसेप्सला एकटं गाठणारा तितका चांगला दुसरा व्यायाम नाही.

भार जास्त झाला का, हे सूज सांगते. ती बघायची रीत शिकून घ्या, कारण पुढचे सगळे टप्पे तिच्या भरवशावर आहेत. पाठीवर झोपा, पाय सरळ, मांडी सैल. गुडघ्याच्या आतल्या बाजूने, वाटीच्या कडेने, तळहात खालून वर दोन-तीनदा पुसत न्या. मग बाहेरच्या बाजूने वरून खाली एकदा पुसा. आतल्या खोलगट जागेत पाण्याची छोटी लहर उठली तर गुडघ्यात पाणी आहे. बाहेरून न पुसताच ती जागा पुन्हा भरून आली तर पाणी जास्त आहे.

चोवीस तासांचा नियम: व्यायाम करताना वेदना दहापैकी दोन-तीनपर्यंत असेल तर चालेल. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी ती आधीच्या पातळीवर यायला हवी आणि सूज वाढलेली नसावी. सूज वाढली तर पुढचं सत्र हलकं, आणि भार एक पायरी मागे.

## टप्पा ४: धावणं

बारा आठवडे हा किमान आकडा आहे, निमंत्रण नव्हे. धावायला सुरुवात करण्यापूर्वी:

- गुडघ्यात सूज नाही, आणि तो पूर्ण सरळ होतो.
- अर्धा तास भरभर चालून दुसऱ्या दिवशी काही तक्रार नाही.
- एका पायावर दहा स्क्वॉट, गुडघा आत न पडता आणि कंबर न झुकता.
- क्वाड्रिसेप्सची ताकद चांगल्या पायाच्या निदान ७० टक्के.

मग एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा. एक दिवसाआड, सपाट आणि सरळ जागेवर. तीन सत्रं शांतपणे पार पडली की धावण्याचा भाग वाढवा. वेळ आणि वेग एकाच आठवड्यात वाढवू नका. सूज आली तर दोषी कोण, ते कळणार नाही.

पावलांचा आवाज ऐका. दोन पावलांचा आवाज वेगळा येत असेल तर तुम्ही चांगल्या पायावर आपटत आहात. हे स्वतःला जाणवत नाही, म्हणून मोबाइलवर मागून चित्रण करा.

## टप्पा ५: उडी, थांबणं, वळणं

एसीएलच्या बहुतेक दुखापती थेट गुडघ्यावर मार बसून होतच नाहीत. वेगात असताना अचानक थांबणं, पाय रोवून दिशा बदलणं, एका पायावर उतरणं, अशा क्षणी त्या होतात. भिडंतीच्या खेळातही अनेकदा धक्का खांद्याला किंवा कमरेला बसतो आणि तोल सावरताना गुडघा जातो. त्यामुळे धक्क्याचा सराव या टप्प्याच्या आधी आणण्यात काहीच अर्थ नाही.

आधी उतरणं, मग उडणं. खोक्यावरून दोन्ही पायांवर खाली उतरा, आवाज न करता. गुडघे आणि कंबर वाकलेली, गुडघे पावलांच्या रेषेत. मग दोन पायांच्या उड्या, मग एका पायाच्या. त्यानंतर वेगातून थांबणं: आधी सहा-सात पावलांत, मग तीन-चार पावलांत. शेवटी वळणं. सुरुवातीला ठरलेली, शंकूभोवती. मग कोणीतरी ऐनवेळी बोट दाखवेल तिकडे.

ठरलेल्या वळणातून ऐनवेळच्या वळणाकडे जाताना बऱ्याच जणांचं तंत्र कोसळतं. डोळे समोरच्यावर, मन निर्णयात आणि गुडघा आत. तसं दिसलं तर वेग कमी करा, सराव बंद करू नका. दर आठवड्याला एकदा हा सराव दमल्यावरही करून बघा, कारण सामन्याच्या शेवटी तुम्ही दमलेलेच असणार.

सावधान: सरावाआधी वेदनाशामक गोळी घेऊ नका. चोवीस तासांच्या नियमात जो इशारा मिळायला हवा, तोच ती गोळी पुसून टाकते.

## टप्पा ६: भिडंतीची शिडी

इथे येण्यासाठी सर्जनची परवानगी वेगळी घ्या. ‘सराव सुरू करायला हरकत नाही’ या वाक्याचा अर्थ सर्जनच्या मनात ‘धावणं आणि चेंडू’ असतो, प्रशिक्षकाच्या कानात ‘सगळं’ असतो. प्रश्न स्पष्ट विचारा: कोणी माझा पाय धरून ओढला तर चालेल का? मला खाली पाडलं तर चालेल का?

प्रत्येक पायरीवर निदान दोन सत्रं. प्रत्येक सत्रानंतर दुसऱ्या दिवशी सूज तपासणं. सूज आली, गुडघा सटकल्यासारखा वाटला किंवा भीतीने अंग आखडलं, तर एक पायरी खाली.

पहिली पायरी: एकट्याने पडणं. मऊ मॅटवर गुडघ्यांवर बसून पुढे, बाजूला, मागे पडा. मग उकिडवं बसून, मग उभं राहून, मग चालताना. हात ताठ टेकू नका, खांद्यावरून गोल फिरा. ज्युदोवाले पहिल्या दिवसापासून हे शिकतात, बाकीच्या खेळांत कोणी शिकवत नाही. उठतानाही बघा: ऑपरेशन झालेल्या पायावर पिळ देऊन उठायची सवय असेल तर ती आत्ताच मोडा.

दुसरी पायरी: सांगून दिलेला धक्का. जोडीदार खांद्याला, कमरेला हलकेच ढकलतो, कधी आणि कुठून ते सांगून. आधी दोन्ही पायांवर, मग एका पायावर. धक्का बसताच पाय रोवून न ठेवता छोटी पावलं टाकायची. गुडघ्याला सर्वांत मोठा धोका रुतलेल्या पावलावर अंग फिरण्यात असतो. पावलं हलती राहिली की पिळाला वाट मिळते.

तिसरी पायरी: पिशवी आणि पॅड. टॅकलची पिशवी, हातातले पॅड, कुस्तीचा पुतळा, जे तुमच्या खेळात असेल ते. इथे धक्का तुम्ही देता, खात नाही. पायांची ठेवण परत बसवायला ही उत्तम जागा आहे.

चौथी पायरी: एकास एक, ठरवून. जोडीदार साधारण तुमच्याच वजनाचा, अनुभवी आणि डोकं शांत असलेला निवडा. संघातला सर्वांत उत्साही पोरगा नको, तो कितीही जवळचा मित्र असला तरी. वेग अर्धा, डाव ठरलेला. कबड्डीपटूने घोटापकड आणि मांडीपकड सगळ्यात शेवटी घ्यायची. पैलवानाने एकेरी पट (समोरच्याचा एक पाय धरून पाडायचा डाव) आधी स्वतः काढायचा, मग काढू द्यायचा. फुटबॉलमध्ये खांद्याला खांदा आधी, घसरून केलेलं टॅकल बरंच नंतर. थांबण्याचा एक शब्द ठरवा आणि तो उच्चारला की हात सुटलेच पाहिजेत.

इथे आणखी एक गोष्ट शिकायची असते आणि ती जिद्दी खेळाडूंना जड जाते: सोडून देणं. पाय अडकला आणि अंग फिरू लागलं की जोर लावून पाय ओढायचा नाही, अंगाबरोबर खाली जायचं. एक गुण गेला तरी चालेल. पकडीतून सुटायच्या शेवटच्या प्रयत्नात गुडघे जातात, पकडीत नव्हे.

पाचवी पायरी: एकास एक, न सांगता. दिशा आणि क्षण जोडीदार ठरवतो. वेग हळूहळू पूर्ण.

सहावी पायरी: गर्दी. दोनास दोन, तिनास तीन. आता धक्का न दिसणाऱ्या बाजूने येतो, आणि कोणी पायावर पडूही शकतं. साखळी पकड, रग्बीतला रक (जमिनीवरच्या चेंडूसाठीची झुंबड), गोलसमोरची रेटारेटी इथे येते. वेळ कमी ठेवा.

सातवी पायरी: पूर्ण सराव, सामना नाही. हा काळ काही आठवड्यांचा असतो. ‘एक आठवडा चांगला गेला’ एवढं पुरेसं नाही.

ब्रेसबद्दल (गुडघ्याचा आधारपट्टा): बांधल्याने धीर येत असेल तर बांधा, पण ब्रेस ग्राफ्टचं रक्षण करील या भरवशावर पायरी ओलांडू नका.

### या टप्प्यात डोक्याला मार बसला तर

भिडंतीत परतलेला खेळाडू गुडघ्यावर इतका डोळा ठेवून असतो की डोक्याचा मार अंगावर काढतो. तसं करू नका. कन्कशन, म्हणजे हादरा बसून मेंदूला झालेली इजा, होण्यासाठी बेशुद्ध पडावंच लागतं असं नाही. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, उजेड नकोसा होणं, गोंधळल्यासारखं किंवा ‘धुक्यात असल्यासारखं’ वाटणं, स्कोअर न आठवणं, यातलं एकही लक्षण दिसलं की त्या दिवशी खेळ संपला. लक्षणं दहा मिनिटांत गेली तरीही संपला.

ताबडतोब रुग्णालय: मान दुखणं, वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, दोन-दोन दिसणं, हातपायांत मुंग्या किंवा अशक्तपणा, झटका, शुद्ध हरपणं, चिडचिड किंवा गुंगी वाढत जाणं. मानेला इजा झाल्याची शंका असेल तर खेळाडूला हलवू नका, बसवू नका. श्वास चालू आहे ना हे बघत मदत येईपर्यंत डोकं आणि मान आहे त्या स्थितीत धरून ठेवा.

पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती: घरातल्या घरात हालचाल, थोडं चालणं चालेल, स्क्रीन कमीत कमी. दिवसेंदिवस अंधाऱ्या खोलीत पडून राहायचा सल्ला आता कोणी देत नाही. त्यानंतर २०२२ साली ॲम्स्टरडॅम इथे झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने मांडलेली सहा पायऱ्यांची शिडी वापरतात: दैनंदिन हालचाल, हलका, मग मध्यम एरोबिक व्यायाम, खेळासारखा पण एकट्याने करायचा सराव, भिडंतीशिवाय संघाचा सराव, पूर्ण भिडंतीचा सराव, सामना. प्रत्येक पायरीला निदान २४ तास. चौथ्या पायरीपासून पुढे जायचं तर लक्षणं पूर्ण गेलेली हवीत आणि डॉक्टरांची परवानगी हवी. विद्यार्थी असेल तर आधी अभ्यास पूर्ववत, मग खेळ.

हेल्मेट कवटी फुटण्यापासून वाचवतं, पण आतला मेंदू हलायचा थांबत नाही. आणि गुडघ्याचा याच्याशी काय संबंध, असं वाटत असेल तर: कन्कशननंतर काही काळ पायांच्या दुखापतींचा धोकाही वाढलेला दिसतो. तोल आणि प्रतिक्रिया पूर्ण परतल्याशिवाय सहाव्या टप्प्याची शिडी पुन्हा चढू नका.

## टप्पा ७: सामन्याआधीची कसोटी

आता कॅलेंडर बघायला हरकत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या डेलावेअर-ऑस्लो अभ्यासात असं दिसलं की परतणं नऊ महिन्यांपर्यंत जितकं लांबवलं, त्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण सुमारे निम्म्याने घटलं. म्हणून नऊ महिने ही खालची मर्यादा धरा. पंचविशीच्या आतल्या खेळाडूंत पुन्हा दुखापत जास्त होते, त्यांनी आणखी थांबलेलं बरं.

पण नऊ महिने भरून चाचण्या न देता उतरणंही तितकंच चुकीचं. कतारमधल्या अस्पेटर रुग्णालयात पुरुष व्यावसायिक खेळाडूंवर झालेल्या, २०१६ मध्येच प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात परतीचे सगळे निकष पूर्ण न करता खेळलेल्यांत ग्राफ्ट पुन्हा फाटण्याचा धोका चौपट होता. तेव्हा हे सगळं एकत्र हवं:

1. सूज नाही, गुडघा पूर्ण सरळ होतो, पूर्ण वाकतो.
2. क्वाड्रिसेप्स आणि हॅमस्ट्रिंगची ताकद ९० टक्के किंवा जास्त. तुलना शस्त्रक्रियेआधी लिहून ठेवलेल्या आकड्याशी.
3. एका पायाच्या चार उड्या: एक लांब उडी, सलग तीन, रेषेच्या आरपार तिरक्या तीन, आणि सहा मीटर अंतर वेळ लावून. प्रत्येकीत दुसऱ्या पायाच्या ९० टक्के.
4. उतरताना गुडघा आत पडत नाही, हे चित्रणात दिसतं.
5. भिडंतीची शिडी पूर्ण, आणि पूर्ण सरावाचे आठवडे तक्रारीशिवाय.
6. मनाची तयारी. फिजिओ यासाठी एसीएल-आरएसआय नावाची प्रश्नावली वापरतात.

हमखास चूक: उड्यांत पास झालो म्हणून ताकद न मोजणं. लांब उडीत कंबर आणि घोटा बरंच काम उचलतात, आणि कमजोर क्वाड्रिसेप्स त्यामागे आरामात लपतो.

सहाव्या मुद्द्याला लोक हसतात. पण स्पर्धात्मक खेळात परतणाऱ्यांचं प्रमाण साधारण ५५ टक्केच असल्याचं २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यास एकत्र पाहणाऱ्या आढाव्यात आढळलं होतं, आणि न परतणाऱ्यांत भीती हे मोठं कारण असतं. भीती असलेला खेळाडू अर्ध्या मनाने पकडीत शिरतो, आणि अर्ध्या मनाने शिरणं सगळ्यात धोक्याचं. प्रश्नावलीत गुण कमी आले तर शिडीच्या चौथ्या-पाचव्या पायरीवर जास्त दिवस काढा. ‘घाबरू नकोस’ म्हणून भीती जात नाही, शंभर वेळा नीट पडून उठल्यावर जाते.

निर्णय कोणाचा, हे आधीच लेखी ठरवा. सर्जन आणि फिजिओ ‘नाही’ म्हणाले तर प्रशिक्षकाला ‘हो’ म्हणता येणार नाही, आणि खेळाडूलाही नाही. अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री हे ठरवायला बसलात तर उत्तर काय येणार हे सगळ्यांना माहीत असतं.

## परतल्यानंतर

पहिल्या सामन्यात शेवटची काही मिनिटं, मग अर्धा सामना, मग पूर्ण. एका आठवड्यात दोन सामने सुरुवातीला नकोत. प्रत्येक सामन्यानंतर दुसऱ्या सकाळी सूज तपासा आणि वहीत लिहा.

मांडीच्या ताकदीचा व्यायाम आठवड्यातून दोनदा चालूच राहील, खेळत आहात तोवर. तो सुटला की काही महिन्यांत जुना फरक परत येतो. फुटबॉलपटूंना फिफा ११ प्लस हा सुमारे वीस मिनिटांचा वॉर्मअप उपयोगी आहे. इतर खेळांनी त्यातले उतरण्याचे, एका पायावर तोलाचे आणि हॅमस्ट्रिंगचे व्यायाम उचलावेत. आणि हे सगळे व्यायाम दोन्ही पायांचे करा. दुसरी एसीएल दुखापत ऑपरेशन झालेल्या गुडघ्याइतकीच दुसऱ्या, आजवर धडधाकट असलेल्या गुडघ्यालाही होते.

गुडघ्यात ‘टक’ आवाज येऊन काही तासांत सूज आली, तो सटकला किंवा अडकला, तर त्याच क्षणी बाहेर या, चालत सुद्धा परत आत जाऊ नका, आणि सर्जनकडून तपासून घेईपर्यंत दुसऱ्या टप्प्यातली कुबडी पुन्हा हातात घ्या.